द्राक्षबागेतून सँटियागोला: स्टार्ट-अप चिलीचा माझा अनुभव

परदेशातल्या इनक्युबेटरमध्ये, म्हणजे नवउद्योगांना मदत करणाऱ्या कार्यक्रमात, निवड झाली की अभिनंदनाचे फोन भरपूर येतात, पण आता आधी कोणता कागद काढायचा हे सांगणारं कोणी सापडत नाही. २०१९ साली माझी हीच अवस्था होती. चिली सरकारच्या ‘स्टार्ट-अप चिली’ या कार्यक्रमात आमच्या छोट्या कंपनीची निवड झाली होती, आणि निफाड तालुक्यात चिलीला जाऊन आलेला एकही माणूस माझ्या माहितीत नव्हता. म्हणून हे जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे. तेव्हापासून या कार्यक्रमाच्या टप्प्यांची नावं आणि रकमा बदलल्या आहेत, चिलीचा स्थलांतराचा नवा कायदाही २०२२ मध्ये लागू झाला आहे. त्यामुळे आकडे आणि अर्जाची पद्धत आजची तपासून घ्या. कामांचा क्रम मात्र अजूनही उपयोगी पडेल.

आमचं काम द्राक्षाचं. बागेत छोटं हवामान केंद्र बसवायचं, तापमान, आर्द्रता आणि पान किती तास ओलं राहिलं हे मोजायचं, आणि त्यावरून डावणी-भुरी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगांचा धोका शेतकऱ्याच्या मोबाइलवर कळवायचा. मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून हे चालवतो. नाशिकमध्ये शंभरेक बागांवर आमची यंत्रं होती. पुढे जायला पैसा हवा होता, पण कंपनीचा हिस्सा इतक्या लवकर कोणाला द्यायचा नव्हता. स्टार्ट-अप चिलीचं आकर्षण नेमकं हेच होतं. चिलीच्या कोर्फो या सरकारी विकास महामंडळाने २०१० मध्ये हा कार्यक्रम सुरू केला. जगभरातून नवउद्योजक बोलवायचे, त्यांना अनुदान द्यायचं, आणि बदल्यात हिस्सा मागायचा नाही. अट एवढीच की तिथे राहून काम करायचं आणि स्थानिक लोकांना आपल्या अनुभवाचा उपयोग करून द्यायचा. त्यात चिली हा खाण्याच्या द्राक्षांचा जगातला मोठा निर्यातदार. युरोपच्या बाजारात फेब्रुवारी-मार्चमध्ये आपली थॉम्पसन जातीची द्राक्षं पोचतात, तेव्हा चिलीचा मालही तिथे असतो. म्हणजे ज्यांच्याशी आपली स्पर्धा, त्यांच्याच बागा बघायला मिळणार होत्या.

अर्ज फेब्रुवारीत ऑनलाइन भरला, तोही इंग्रजीत. स्पॅनिश येण्याची अट नव्हती. प्रश्न नेहमीचेच होते: अडचण काय, ग्राहक कोण, टीम कोण, आत्तापर्यंत किती विक्री. सोबत छोटा व्हिडिओ. माझा सल्ला असा की ‘चिलीच का’ या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ द्या. आम्ही तिथल्या द्राक्ष विभागांची नावं, हंगाम आणि कोणत्या बागायतदारांना भेटायचं आहे हे लिहिलं होतं. परीक्षकांच्या शेऱ्यांत नेमका तोच भाग चांगला असल्याचं आलं. मे महिन्यात ई-मेल आला: निवड झाली, ऑगस्टमध्ये हजर व्हा. आम्हाला मंजूर झालेली रक्कम होती २ कोटी ५० लाख चिली पेसो. तेव्हा साधारण दहा पेसोला एक रुपया पडत होता, म्हणजे पंचवीसेक लाख रुपये.

मे ते जुलै सगळे कागदांत गेले. पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढलं, फी ५०० रुपये. आमच्या पोलीस ठाण्यातून पडताळणी होऊन यायला थोडे दिवस जातात, म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करा. मग अपोस्टील, म्हणजे आपला कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून लागणारा शिक्का. चिली २०१६ पासून अपोस्टील करारात आहे, त्यामुळे दूतावासात वेगळं साक्षांकन लागत नाही, परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का पुरतो. सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये. वर एजन्सीचा खर्च येतो, कारण अर्ज थेट स्वीकारत नाहीत. पदवीच्या प्रमाणपत्राला आधी राज्याचं साक्षांकन लागतं आणि त्यात जास्त वेळ जातो. कंपनीच्या नोंदणीचे कागदही अपोस्टील करून घेतले. तिथे गेल्यावर इथून कागद मागवणं म्हणजे किमान तीन-चार आठवडे, त्यामुळे लागेल की नाही अशी शंका असलेला प्रत्येक कागद करून न्या. या सगळ्याला आणि भाषांतरांना मिळून पंधरा हजारांच्या आसपास खर्च आला.

व्हिसा तेव्हा दिल्लीच्या दूतावासातून मिळायचा, एक वर्षाचा तात्पुरत्या निवासाचा. कार्यक्रमाचं निवडपत्र जोडलं की बाकी अर्ज सरळ होता. तोवर भारतातल्या बाजूचं एक काम उरकून घ्या. तुम्ही परदेशात कंपनी काढणार आणि तिच्यात भांडवल घालणार, मग ती रक्कम एक लाख पेसो का असेना, ती परदेशी गुंतवणूक ठरते. त्यासाठी आपल्या बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेला कळवावं लागतं, नंबर मिळतो, आणि नंतर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत अहवाल द्यावा लागतो. २०२२ च्या ऑगस्टपासून याचे नियम नवे झाले आहेत. शाखेत हे काम माहीत असेलच असं नाही. परकीय चलनाचं काम करणारी शाखा शोधा, आणि असं काम आधी केलेले सीए गाठा. आमच्या सीएंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, “पैसे पाठवायच्या आधी माझ्याकडे या, नंतर नको.” हे वाक्य मी पुढे प्रत्येकाला सांगत आले.

तिकीट एक लाख दहा हजारांचं. मुंबईहून थेट विमान नाही. दुबई आणि साव पावलो असं बदलत गेले. मार्ग निवडताना ट्रान्झिट व्हिसा बघा. युरोपातल्या काही देशांत भारतीयांना नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो आणि अमेरिकेतून जायचं तर लागतोच.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सँटियागोला उतरले तेव्हा तिथे हिवाळा होता आणि समोर अँडीजवर बर्फ होतं. विमानतळावर शेतीखात्याची तपासणी फार कडक असते. चिलीची फळांची निर्यात रोगकीड बाहेर ठेवण्यावर अवलंबून आहे, म्हणून फळं, बिया, कडधान्यं, मध, माती लागलेली वस्तू असं काहीही आणलं असेल तर फॉर्मवर ‘हो’ लिहायचं. लिहिलं आणि चाललं नाही, तर ते फक्त काढून घेतात. लपवलं तर दंड. मी गोडा मसाला आणि लसणाची चटणी लिहून दाखवली. मसाला मिळाला, चटणी राहिली. सोबत नेलेले आमच्या यंत्राचे सेन्सर बागेत वापरलेले नव्हते, नवे कोरे होते, आणि सोबत बिलं होती. तरी तिथल्या बाईंनी प्रत्येक नळी उघडून बघितली. द्राक्षाच्या माणसांना हे बघून बरंच वाटेल.

आता महत्त्वाचा क्रम. तेव्हा पोचल्यावर ३० दिवसांत पोलिसांकडे व्हिसाची नोंदणी करावी लागायची, फी ८०० पेसो. तिथला दाखला घेऊन नागरी नोंदणी कार्यालयात ओळखपत्र, म्हणजे सेदुला. सेदुलावरचा नंबर म्हणजे रुत. तो आल्याशिवाय कंपनी नाही, कंपनीशिवाय करखात्यात नोंद नाही, त्या नोंदीशिवाय बँक खातं नाही, आणि खात्याशिवाय अनुदानाचा हप्ता नाही. यातला एकही टप्पा मागेपुढे करता येत नाही. चिलीत औषधाच्या दुकानातही रुत विचारतात, आणि पहिले काही आठवडे ‘अजून नाही’ हे स्पॅनिशमधलं माझं सगळ्यात सफाईदार वाक्य होतं.

ओळखपत्राच्या प्रतीक्षेत सप्टेंबर अर्धा गेला. त्यात १८ आणि १९ सप्टेंबरला त्यांचे राष्ट्रीय सण, तो आठवडा कुठलंच काम हलत नाही. सेदुला हातात आल्यावर मात्र कंपनीची नोंदणी खरोखर एका दिवसात झाली. २०१३ पासून तिथे ऑनलाइन नोंदणीची सोय आहे, आम्ही एकाच भागधारकाची चालते तशी कंपनी काढली. पत्त्याचा पुरावा, भाडेकरार, अधिकारपत्र, सगळ्याला नोटरी लागते. सकाळी लवकर गेलात तर अर्ध्या तासात सुटता. बँकेचं मात्र जड गेलं. पहिल्या बँकेने परदेशी संस्थापक म्हणून नकार दिला, दुसरीने अनुदानाचा करार पाहून खातं उघडलं. त्यात ऑक्टोबर उजाडला.

या काळात घरभाडं द्यायचं, जेवायचं, फिरायचं ते स्वतःच्या पैशांतून. मी प्रोविदेन्सिया भागात एका घरातली खोली घेतली, महिना २ लाख ६० हजार पेसो, आणि तेवढंच डिपॉझिट. दुपारचं साधं जेवण चार हजार पेसोंना पडायचं, म्हणून मी ला वेगाच्या मोठ्या बाजारातून भाजी आणून घरीच करायचे. शाकाहारी माणसाला तिथे एवोकॅडो, पाव, राजमा आणि टोमॅटोवर सुखाने राहता येतं. तिकिटासकट पहिला हप्ता येण्याआधी आमचे साडेचार लाख रुपये खर्च झाले. कोणी विचारलं की किती पैसे हाताशी ठेवू, तर मी पाच लाख सांगते, आणि ते कर्जाचे नकोत.

कार्यक्रमाचं दैनंदिन स्वरूप थोडक्यात सांगते, कारण ते सगळीकडे सारखंच असतं: मध्यवस्तीत बसायला जागा, आठवड्याच्या बैठका, मार्गदर्शक, सादरीकरणाचा सराव, शेवटी गुंतवणूकदारांसमोर कार्यक्रम. त्यातला एक भाग मला फार आवडला. प्रत्येक संस्थापकाने स्थानिक विद्यार्थ्यांसाठी किंवा उद्योजकांसाठी वेळ द्यायचा. मी एका शेती महाविद्यालयात नाशिकच्या दोन छाटण्यांबद्दल बोलले. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी हे ऐकून मुलं चकित झाली. त्यांच्याकडे वेल हिवाळ्यात झोपतो, एकदाच छाटतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, आपण त्याला छाटून वळण देतो, हे मला फळ्यावर चित्र काढून समजवावं लागलं. तिथूनच मला दोन बागायतदारांची ओळख मिळाली.

या बागा आकोंकाग्वा खोऱ्यात, सान फेलिपेच्या बाजूला, सँटियागोहून बसने दीड-दोन तासांवर. पहिल्याच भेटीत एक गोष्ट स्पष्ट झाली. तिथला उन्हाळा पूर्ण कोरडा असतो, पाऊस पडतो तो हिवाळ्यात. म्हणजे कोवळी पानं आणि घड असताना पाऊसच नाही, आणि डावणीला लागतो तो ओलावा नाही. भुरी आहे, तिच्यासाठी ते आपल्यासारखाच गंधक वापरतात. पण आमच्या यंत्राची नाशिकमधली सगळी किंमत डावणीच्या इशाऱ्यावर होती. बागायतदारांनी यंत्र नीट पाहिलं, कौतुक केलं आणि विचारलं, “पाण्याचं काही सांगतं का हे?” मध्य चिलीत २०१० पासून सलग दुष्काळ चालला होता आणि २०१९ हे त्यातलं फार वाईट वर्ष होतं. तिथे पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा असतो, तो विकता येतो. ज्याच्याकडे हक्क कमी त्याने काही एकर बाग पाण्याविना सोडून दिलेली मी डोळ्यांनी पाहिली. मी भावाला फोन केला आणि त्या आठवड्यातच ठरलं की चिलीत आपण जमिनीतला ओलावा मोजायचा. दोन फुटांवर, तीन फुटांवर किती पाणी पोचलं, ठिबक किती वेळ चालवायचं, एवढंच. मार्गदर्शकांपैकी काहींना इतका मोठा बदल पटला नाही. पण वेलीसमोर उभं राहून पाणी मागणाऱ्या माणसाला डावणीचा इशारा विकणं मला शक्य नव्हतं.

मग १८ ऑक्टोबर आला. त्या महिन्यात गर्दीच्या वेळचं मेट्रोचं तिकीट ८०० वरून ८३० पेसो झालं होतं. विद्यार्थी तिकीट न काढता आत शिरू लागले, आणि त्या शुक्रवारी संध्याकाळी सगळी मेट्रो बंद झाली. मी ऑफिसातून चालत घरी आले. रात्री स्थानकं पेटली, आणीबाणी लागली, दुसऱ्या दिवसापासून संचारबंदी. माझी खोली मोर्चांच्या मुख्य चौकाजवळ असल्याने अश्रुधुराचा वास खिडकीतून आत यायचा, आणि संध्याकाळी सगळ्या गच्च्यांवर लोक पातेली बडवायचे. तीस पेसोंचा प्रश्न नव्हताच, घरमालकीण मला सांगायची, पेन्शन, दवाखाना, शाळेची फी, सगळं साठलं होतं. २५ तारखेला दहा लाखांहून जास्त लोक रस्त्यावर होते. मी भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवून ठेवलं होतं. तुम्ही ते पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात करा, दहा मिनिटांचं काम आहे.

त्याच आठवड्यात नाशिकला पाऊस थांबत नव्हता. अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ होतं, दिवाळीत कोसळत होतं, आणि फळछाटणी झालेल्या बागा फुलोऱ्यात होत्या. आमच्या दोन्ही वेळांत तेव्हा साडेआठ तासांचं अंतर. संचारबंदीच्या रात्री मी जागी असायचे कारण तिकडे सकाळ झालेली असायची. पिंपळगावकडचे एक शेतकरी फोनवर म्हणाले, “ताई, मशीन रोज लाल दाखवतंय. लाल आहे ते मलाही दिसतंय. ट्रॅक्टर बागेत जात नाही, फवारलेलं धुऊन जातं, आता काय करू ते सांगा.” आमच्याकडे त्या प्रश्नाचं उत्तर देणारी सोय नव्हती. भावाने आणि मी रात्री बसून प्रत्येक गावाचे पावसाच्या उघडिपीचे तास काढले, आणि धुरळणी किंवा फवारणी करता येईल अशी दोन-तीन तासांची वेळ संदेशाने कळवायला सुरुवात केली. काही बागा वाचल्या, बऱ्याच गेल्या. घड कुजून जमिनीवर पडलेले फोटो यायचे. त्या दिवसांत सान फेलिपेच्या बागायतदाराला मी ते फोटो दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “आमच्याकडे पाण्यासाठी भांडणं आहेत आणि तुमच्याकडे हे.” पुढे तोच आमचा चिलीतला पहिला पैसे देणारा ग्राहक झाला.

पहिला हप्ता नोव्हेंबरमध्ये जमा झाला, तोवर पेसो घसरायला लागला होता. जुलैत डॉलरला सातशेच्या आत असलेला दर नोव्हेंबरअखेर ८०० च्या वर गेला. ओलावा मोजणारे सेन्सर डॉलरमध्ये घ्यायचे होते, त्यामुळे ठरवलेल्या संख्येत कपात करावी लागली. अनुदान स्थानिक चलनात असेल तर डॉलरमधली खरेदी पहिल्याच हप्त्यातून करून टाका, पगार आणि प्रवास मागून.

हिशोब हा या कार्यक्रमाचा सगळ्यात मोठा भाग, आणि त्याबद्दल आधी कोणी बोलत नाही. प्रत्येक खर्चाला कंपनीच्या नावाचं, रुत असलेलं बिल हवं. त्याला फाक्तुरा म्हणतात. दुकानात सहज मिळते ती बोलेता, ती आमच्या बहुतेक खर्चांना चालत नव्हती. पैसे देण्याआधीच ‘फाक्तुरा’ म्हणायचं, नंतर बदलून मिळत नाही. बिलात १९ टक्के इव्हा हा त्यांचा कर असतो, आणि कंपनीला परत वळता होणारा इव्हा अनुदानाचा खर्च म्हणून धरत नाहीत, म्हणून मनात प्रत्येक रकमेतून तो वजा करून चला. स्वतंत्र काम करणाऱ्याला पैसे दिले तर आधी दहा टक्के कर कापून भरायचा, २०२० च्या जानेवारीपासून तो १०.७५ टक्के झाला. विक्री शून्य असली तरी दर महिन्याला करखात्याचा फॉर्म भरावा लागतो. मी महिना ६० हजार पेसो देऊन एक हिशोबनीस बाई ठेवल्या. सगळ्या खर्चात हा खर्च मी पहिल्या क्रमांकाला ठेवते. त्या दर शुक्रवारी बिलांचे फोटो मागायच्या, आणि पुढच्या हप्त्यासाठी खर्चाचा अहवाल दिला तेव्हा दोनच बिलं परत आली.

मनाचंही सांगायला हवं. डिसेंबर अवघड गेला. ओळखीचे दोन संस्थापक परत गेले, मेट्रोची बरीच स्थानकं बंद होती, घरी बाबा डावणीने गेलेल्या बागेचं कर्ज मोजत होते आणि मी उन्हाळ्यात बसून सेन्सर जोडत होते. त्या वेळी मी आठवड्यातले दोन दिवस सान फेलिपेलाच राहायला लागले. बागेत काम असलं की डोकं जागेवर राहायचं. संध्याकाळी तिथे जेवणाऐवजी चहा, पाव आणि चीज घेतात, चिलीचे लोक चहा आपल्यासारखाच भरपूर पितात. कामगार बायकांबरोबर बसून मी तिथेच खरं स्पॅनिश शिकले.

फेब्रुवारीत तोडणी सुरू झाली. आमचे सेन्सर असलेल्या प्लॉटमध्ये बागायतदाराने ठिबकचे तास कमी केले होते आणि मण्याचा आकार टिकला होता. एका हंगामाच्या आकड्यावर मी मोठा दावा करणार नाही, पण त्याने पुढच्या हंगामाचे पैसे आगाऊ दिले. अंतिम सादरीकरण साधेपणाने झालं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी परतीचं विमान पकडलं. १८ मार्चला चिलीने परदेशी लोकांसाठी सीमा बंद केल्या, २२ मार्चला भारतात आंतरराष्ट्रीय विमानं थांबली.

शेवटचा खर्चाचा अहवाल मी निफाडहून, लॉकडाऊनमध्ये, स्कॅन केलेल्या बिलांवर दिला. मूळ बिलं हिशोबनीस बाईंकडे ठेवून आले होते म्हणूनच जमलं. मंजुरीला उन्हाळा गेला. २०२१ मध्ये आम्ही चिलीतली यंत्रं एका स्थानिक ठिबक विक्रेत्याकडे सोपवली आणि तिथली कंपनी बंद केली. त्यासाठी करखात्यात व्यवसाय-समाप्तीचा अर्ज, सगळे मासिक फॉर्म पूर्ण असल्याची तपासणी, मग कंपनी विसर्जनाची नोंद, आणि भारतात बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेला गुंतवणूक संपल्याची सूचना. यालाही काही महिने लागतात, तेवढा हिशोबनिसाचा पगार बाजूला ठेवा. ओलाव्याचा सेन्सर आता आमच्या दिंडोरीच्या बागांमध्ये आहे, खरड छाटणीनंतर एप्रिल-मेमध्ये पाणी कमी असतं तेव्हा. उघडिपीच्या तासांचा संदेश २०२० च्या फळछाटणीपासून सगळ्या यंत्रांवर सुरू केला.